पाणी किती दूषित? शिंपल्यांना विचारा

सांगलीत पावसाळा सुरू झाला की एक आकडा लहान पोरालाही पाठ असतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फुटांवर आलं? ४० फूट म्हणजे इशारा पातळी, ४५ फूट म्हणजे धोका पातळी. २०१९ च्या महापुरात हा आकडा ५७ फुटांच्या वर गेला होता आणि त्या दिवसांत घराघरात, मशिदीच्या ओट्यावर, व्हॉट्सॲपवर एकच विचारणा होती, "आता किती झालं?"

पण हीच नदी मार्च-एप्रिलमध्ये तळाला जाते, तेव्हा कुणी विचारतं का, की आज पाणी कसं आहे? पाणी किती आहे ते आपल्याला फुटात कळतं. पाणी कसं आहे ते मात्र मासे मरून वर आल्यावरच कळतं. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता. लोक काठावर जमले, फोटो काढले गेले, नमुने घेतले गेले, नोटिसा निघाल्या. पण मेलेला मासा ही शेवटची खबर असते. त्याआधी कितीतरी दिवस पाण्यात काहीतरी बिघडत असतं. त्याची खबर आपल्याला आधी मिळू शकते का?

जगात अनेक ठिकाणी ही खबर एका साध्या जीवाकडून घेतली जाते. तो ओरडत नाही, पळत नाही, जागा सोडत नाही. तो म्हणजे शिंपला. नॉर्वे, कॅनडा, अलास्का इथल्या थंड पाण्याच्या छोट्या बंदरांपासून ते पोलंडच्या राजधानीतल्या पाणीपुरवठा केंद्रापर्यंत शिंपले अक्षरशः नोकरीला ठेवलेले आहेत. ही पद्धत काय आहे, ती का चालते, आणि सातारा-सांगलीच्या आपल्या नदीला तिचा काय उपयोग, हे या लेखात समजून घेऊ.

बाटलीतला नमुना अपुरा का पडतो?

पाणी तपासायची नेहमीची पद्धत आपल्याला माहीत आहे. माणूस येतो, बाटली भरतो, प्रयोगशाळेत पाठवतो. ही पद्धत गरजेची आहे, ती चुकीची नाही. पण तिची एक अडचण आहे. बाटलीत त्या एका क्षणाचं पाणी येतं.

समजा, कुणी शनिवारी रात्री दोन वाजता मळीमिश्रित पाणी ओढ्यात सोडलं. ओढ्यातून ते नदीत आलं आणि प्रवाहाबरोबर खाली गेलं. बुधवारी सकाळी अकराला नमुना घेतला तर बाटलीत काय येणार? बऱ्यापैकी स्वच्छ पाणी. कागदावर सगळं ठीक.

दुसरी अडचण प्रमाणाची. पारा, शिसं, कॅडमियम यांसारखे जड धातू किंवा काही कीटकनाशकं पाण्यात इतक्या कमी प्रमाणात असतात की साध्या यंत्रावर ती दिसतच नाहीत. पण कमी प्रमाण म्हणजे निरुपद्रवी असं नाही. रोज थोडं थोडं शरीरात गेलं आणि बाहेर पडलं नाही, तर ते साठतं.

तहारतच्या मसल्यात आपण लहानपणापासून पाण्याच्या तीन गोष्टी शिकतो: रंग, वास आणि चव. यात बदल झाला का ते बघायचं. वुजू-गुस्लसाठी तो नियम आहेच. पण प्यायच्या पाण्याचा आणि तब्येतीचा प्रश्न येतो तेव्हा हे लक्षात ठेवायला हवं, की पाण्यात विरघळलेल्या पाऱ्याला किंवा शिशाला त्या प्रमाणात रंग नसतो, वास नसतो, चव नसते. डोळे, नाक आणि जीभ तिघंही इथे फसतात.

शिंपला काय करतो?

वर्गात मुलांना समजावताना मी चहाच्या गाळणीचं उदाहरण देते. एक कप चहा गाळला तर गाळणीत थोडा चोथा दिसतो. दिवसभर त्याच गाळणीतून चहा गाळत राहिलात, तर संध्याकाळी गाळणी बघून सांगता येतं की दिवसात किती चहा झाला आणि चहापत्ती कसली होती. शिंपला ही पाण्यातली जिवंत गाळणी आहे.

दोन शिंपांच्या मध्ये मऊ शरीर असतं. एका बाजूने तो पाणी आत ओढतो, कल्ल्यांवरून फिरवतो, त्यातला प्राणवायू घेतो, बारीक शेवाळ आणि सेंद्रिय कण खाण्यासाठी अडकवतो आणि उरलेलं पाणी दुसऱ्या बाजूने सोडतो. मोठ्या आकाराचा समुद्री शिंपला तासाला लिटरभर किंवा त्याहून जास्त पाणी असं गाळतो. चांगल्या परिस्थितीत मोठं कालव तर दिवसाला शंभर लिटरच्या वर जातं. या गाळण्यात अन्नाबरोबर धातूही येतात, तेलाचे अंश येतात, कीटकनाशकं येतात, सांडपाण्यातले जंतू येतात.

जंतू लवकर बाहेर पडतात, पण धातू आणि तेलकट रसायनं शरीराच्या मांसात अडकून राहतात. त्यामुळे शिंपल्याच्या मांसात एखाद्या धातूचं प्रमाण आजूबाजूच्या पाण्यापेक्षा हजारो पटींनी जास्त होऊ शकतं. पाण्यात जे यंत्राला दिसत नव्हतं, ते मांसात स्पष्ट दिसतं.

पाण्यात जीव तर पुष्कळ आहेत, मग शिंपलाच का निवडला? एक तर तो हिंडत नाही. मासा आज इथे, उद्या पाच किलोमीटर वर; त्याच्या अंगातलं विष कुठलं ते सांगता येत नाही. शिंपला ज्या जागी आहे त्याच जागेची साक्ष देतो. दुसरं, तो बऱ्यापैकी चिवट आहे. थोडंफार प्रदूषण सोसून जिवंत राहतो, म्हणून नोंद शिल्लक राहते. तिसरं, त्याच्या जवळच्या जाती जगभर सापडतात, त्यामुळे एका बंदराची दुसऱ्या बंदराशी तुलना करता येते. आणि चौथं, काही देशांत माणसं तोच खातात, म्हणजे ही तपासणी थेट ताटाचीही तपासणी ठरते.

हा विचार व्यवस्थित मांडला तो अमेरिकेच्या कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ एडवर्ड गोल्डबर्ग यांनी. १९७५ साली त्यांनी 'मसल वॉच' ही कल्पना पुढे ठेवली. मसल म्हणजे शिंपल्याचा एक प्रकार आणि वॉच म्हणजे पहारा. पुढे १९८६ पासून अमेरिकेच्या सरकारी समुद्र खात्याने ही योजना सगळ्या किनाऱ्यावर कायमची सुरू केली. तिथे सुमारे तीनशे ठिकाणचे शिंपले आणि कालवं गोळा करून तपासली जातात. अशी वर्षानुवर्षांची नोंद असली की एखादं रसायन बंद केल्यावर ते खरंच कमी झालं का, हेही कळतं.

थंड पाण्याची छोटी बंदरं

या पद्धतीची खरी कसोटी लागली ती उत्तरेकडच्या छोट्या बंदरांत. असं बंदर डोळ्यांसमोर आणा: पंचवीस-तीस मासेमारी होड्या, एक धक्का, लाटा अडवायला दगडांचा बांध. बांधामुळे होड्या सुरक्षित राहतात, पण पाणीही कोंडतं. डिझेलचे थेंब, इंजिनातलं जुनं तेल, होडीच्या तळाचा रंग, मासे धुतलेलं पाणी, वस्तीचं सांडपाणी हे सगळं त्या कोंडलेल्या पाण्यात फिरत राहतं. त्यात पाणी थंड. थंडीत जंतूंचं काम मंदावतं, म्हणून तेलाचं विघटनही हळू होतं. घाण तिथेच रेंगाळते.

अलास्काचं उदाहरण प्रसिद्ध आहे. २४ मार्च १९८९ रोजी 'एक्सॉन वाल्डेझ' हे तेलवाहू जहाज प्रिन्स विल्यम साउंड या खाडीत खडकावर आदळलं आणि सुमारे चार कोटी लिटर कच्चं तेल पाण्यात पसरलं. किनारे धुतले गेले, वरून दगड स्वच्छ दिसायला लागले. पण शिंपल्यांच्या दाट थरांखाली तेल कितीतरी वर्षं अडकून राहिलं. शिंपल्यांच्या मांसातही तेलाचे अंश मिळत राहिले आणि ते शिंपले खाणाऱ्या पक्ष्यांना, पाणमांजरांनाही त्याचा त्रास झाला. वरून स्वच्छ दिसणारा किनारा आतून स्वच्छ नव्हता, हे शिंपल्यांनी दाखवलं. त्या भागात नंतर तेलावर कायमचं लक्ष ठेवण्यासाठी शिंपल्यांचेच नमुने घेतले जाऊ लागले.

दुसरी गोष्ट होडीच्या रंगाची. होडीच्या तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून ट्रायब्युटिल टिन नावाचं रसायन असलेला रंग लावायची पद्धत होती. सत्तरच्या दशकात फ्रान्समधल्या आर्काशाँच्या खाडीत कालवांची पिल्लं जगेनात, मोठ्या कालवांची शिंप वेडीवाकडी, जाड होऊ लागली. इंग्लंडच्या किनाऱ्यावर समुद्री गोगलगाईंच्या माद्यांमध्ये नराची लक्षणं दिसू लागली आणि त्यांची वीण थांबली. शोध घेता घेता धागा त्या रंगापर्यंत पोचला. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान होड्यांना तो रंग लावायला बंदी केली. २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २००८ पासून तो जगभर लागू झाला. कालवं उगवणाऱ्या लोकांनी "आमची कालवं अशी का होतायत?" असा साधा प्रश्न विचारला नसता, तर हे किती वर्षं चाललं असतं कोण जाणे.

मिनामाता: खबर असून ऐकली नाही तर

जपानमधल्या मिनामाता या छोट्या बंदराच्या गावाची गोष्ट शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत येते, पण ती नीट समजून घेण्यासारखी आहे. तिथे एका रसायन कारखान्याचं पाऱ्याचं सांडपाणी खाडीत जात होतं. पारा मासे आणि शिंपल्यांत साठला. गावातले लोक, विशेषतः गरीब कोळी कुटुंबं, रोज तेच खात होती. आधी गावातली मांजरं झटके येऊन मरायला लागली. मग माणसांचे हातपाय वाकडे व्हायला लागले, बोलणं अडखळायला लागलं, आजारी नसलेल्या आयांच्या पोटी अपंग मुलं जन्माला आली. १९५६ मध्ये या आजाराची अधिकृत नोंद झाली. पण सरकारने कारण मान्य केलं ते १९६८ मध्ये. मधली बारा वर्षं लोक तेच अन्न खात राहिले.

खबर मिळणं जितकं महत्त्वाचं, तितकंच ती ऐकणारं कुणीतरी असणं महत्त्वाचं. आणि त्रास पहिल्यांदा कुणाला झाला ते बघा. ज्यांच्याकडे दुसरं अन्न विकत घ्यायला पैसे नव्हते, त्यांना.

कोकणचा किनारा आणि आपलं ताट

आपल्याकडे समुद्र म्हणजे घाट उतरून कोकण. कराडहून कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण. रत्नागिरीचं मिरकरवाडा, दापोलीजवळचं हर्णै ही बंदरं थंड पाण्याची नाहीत, पण प्रश्न तेच आहेत: डिझेल, रंग, बर्फ कारखाने, मासळीचं पाणी, वस्तीचं सांडपाणी. मिरकरवाड्यात मासेमारीवर जगणारी मुस्लिम कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत, तेव्हा हा विषय आपल्या लोकांच्या रोजीरोटीचाही आहे.

आपल्या देशाच्या किनाऱ्यावर अशा तपासणीसाठी हिरव्या रंगाचे शिंपले, ज्यांना मालवणकडे शिणाणे म्हणतात, आणि खडकावरची कालवं वापरली जातात. गोव्यात दोना पावला इथे १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. होडीच्या रंगातलं ते रसायन, जड धातू, तेल या विषयांवर तिथल्या शास्त्रज्ञांनी आपल्या बंदरांत काम केलेलं आहे.

आता खाण्याचा मुद्दा. कोकणातले आपले शाफई बांधव तिसऱ्या, कालवं आवडीने खातात. सातारा-सांगलीकडे बहुतेक घरं हनफी मसलकाची, त्यामुळे आपल्या दस्तरख्वानावर शिंपले येत नाहीत. पण ज्यांचं माहेर किंवा सासर कोकणात आहे, त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगते. तिसऱ्या आणल्यावर रेती सोडायला पाण्यात ठेवतात, ती सवय चांगली आहे. स्वच्छ वाहत्या पाण्यात एक-दोन दिवस ठेवले तर जंतूही बऱ्याच प्रमाणात निघून जातात. परदेशात व्यापारी पातळीवर असंच शुद्धीकरण करतात. पण धातू त्यात निघत नाहीत आणि उकळल्यानेही जात नाहीत. म्हणून शिंपले कुठल्या जागेचे आहेत हे विचारून घ्यावं. बंदराच्या धक्क्याजवळचे, गटाराच्या तोंडाजवळचे, कारखान्याच्या खाडीतले घेऊ नयेत.

पाणीपुरवठा केंद्रातले आठ पहारेकरी

शिंपले म्हणजे फक्त समुद्र असं वाटत असेल, तर ही पोलंडची गोष्ट वाचा. वॉर्सा शहराला विस्तुला नदीतून पिण्याचं पाणी मिळतं. तिथल्या पाणी केंद्रात गोड्या पाण्याचे आठ शिंपले कामाला असतात. प्रत्येकाच्या शिंपेवर एक छोटं संवेदक चिकटवलेलं असतं आणि ते संगणकाला जोडलेलं असतं. नदीतून येणारं पाणी त्यांच्यावरून वाहतं. पाणी चांगलं असेल तर शिंपले उघडे राहतात आणि आपलं गाळण्याचं काम करतात. पाण्यात विषारी काही आलं की ते शिंप घट्ट मिटून घेतात.

एखादा शिंपला मिटला तर फार काही नाही, तो सहजही मिटू शकतो. पण बहुतेक शिंपले एकदम मिटले की संगणक इशारा देतो आणि पाणी तपासायची धावपळ सुरू होते. साधारण तीन महिने काम केल्यावर हे शिंपले पुन्हा पाण्यात सोडले जातात आणि नवे आणले जातात. सोबत नेहमीच्या रासायनिक चाचण्याही चालूच असतात. पण चाचणी ज्या विषासाठी केली त्याचंच उत्तर देते. शिंपल्याला विषाचं नाव माहीत नसतं, तरी पाणी बिघडलं हे त्याला कळतं.

म्हणजे शिंपल्यांचा उपयोग दोन प्रकारे होतो. एक, मांसात काय साठलं ते तपासून महिन्या-वर्षांचा हिशेब घ्यायचा. दोन, त्याच्या उघडझापेवर लक्ष ठेवून मिनिटा-तासांचा इशारा घ्यायचा.

कृष्णेतले शिंपले

कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. वाईजवळ धोम धरण. साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णा तिला मिळते, कराडला प्रीतिसंगमावर कोयना मिळते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा मिळते. या खोऱ्यातल्या नद्यांच्या चिखल-वाळूत गोड्या पाण्याचे शिंपले असतात. त्यातला एक लांबट, काळपट-तपकिरी, हाताच्या बोटांएवढा. शास्त्रीय नाव लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस. दुसरा लहान आणि जाड शिंपेचा, पॅरेसिया. आपल्या राज्यात मराठवाडा विद्यापीठासह अनेक ठिकाणी प्राणिशास्त्राच्या अभ्यासकांनी याच शिंपल्यांवर धातूंचा आणि कीटकनाशकांचा काय परिणाम होतो, याचे प्रयोग केले आहेत. म्हणजे यासाठी परदेशातून काही आणायची गरज नाही.

या शिंपल्यांची एक गंमत मुलांना फार आवडते. यांची पिल्लं जन्मल्यावर काही दिवस माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून राहतात. मासा त्यांना फिरवतो आणि मग ती पडून तळाशी आपलं आयुष्य सुरू करतात. याचा अर्थ असा, की मासे मेले की शिंपल्यांची पुढची पिढीही थांबते. आणि शिंपले गेले की पाणी गाळणारे हात कमी होतात. एका माशांच्या मृत्यूची बातमी दोन दिवसांत जुनी होते, पण नदीच्या तळाशी तिचा परिणाम वर्षानुवर्षं राहतो.

मासे का मरतात, तेही इथे समजून घेऊ. मळी किंवा सांडपाणी पाण्यात आलं की ते कुजवणारे जंतू भराभर वाढतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. थंड पाण्यात मुळात प्राणवायू जास्त मावतो: १० अंश तापमानाला एका लिटरमध्ये सुमारे ११ मिलिग्रॅम. ३० अंशाला तोच साडेसातवर येतो. बहुतेक माशांना साधारण ४ ते ५ मिलिग्रॅम तरी लागतो. म्हणजे आपल्या उन्हाळ्यातल्या नदीकडे शिल्लकच कमी असते. त्यात प्रवाह कमी, आणि त्यात घाण आली की संपलं. अलास्काच्या बंदराला जी घाण पचते, ती एप्रिलमधल्या कृष्णेला पचत नाही.

सांगलीकरांना शेरी नाला वेगळा सांगायला नको. शहराचं सांडपाणी घेऊन तो कृष्णेत मिसळतो. ते पाणी धुळगावकडे नेऊन शुद्ध करून शेतीला द्यायची योजना झाली, तरी नाल्याचा विषय दरवर्षी निघतोच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यातले ५३ एकट्या महाराष्ट्रातले होते आणि कृष्णेचा पट्टाही त्यात होता. शेजारच्या इचलकरंजीत २०१२ मध्ये काविळीची केवढी मोठी साथ आली होती, हे अजून लोकांच्या लक्षात आहे. पाण्याची चूक महाग पडते.

इथे हे कसं करता येईल?

कल्पना करा, जाळीच्या पिशव्या किंवा छोटे पिंजरे, प्रत्येकात एकाच आकाराचे वीस-तीस शिंपले. हे शिंपले याच नदीच्या स्वच्छ भागातून घेतलेले. एक पिंजरा धोमच्या खाली, एक माहुलीच्या संगमाजवळ, एक कराडच्या खाली, एक शेरी नाल्याच्या वर, एक नाल्याच्या खाली आणि एक हरिपूरला. चार ते सहा आठवडे ठेवायचे. मग काढून किती जगले, किती वाढले ते मोजायचं आणि मांस वाळवून प्रयोगशाळेत धातू तपासायचे. नाल्याच्या वरच्या आणि खालच्या पिंजऱ्यात मोठा फरक दिसला, तर बोट कुठे दाखवायचं ते स्पष्ट होतं.

परदेशात बंदरांमध्ये हीच पद्धत वापरतात: स्वच्छ जागेचे शिंपले आणून धक्क्याला टांगायचे. इमारत, मोठी यंत्रं असा खर्च लागत नाही. लागतं ते सातत्य, एक प्रयोगशाळा आणि प्राणिशास्त्र शिकवणारं एखादं महाविद्यालय. सातारा, कराड, सांगली, मिरज इथे महाविद्यालयं आहेत, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आहे. आपल्या समाजातल्या ज्या मुली-मुलं बीएस्सी, एमएस्सी करत आहेत, त्यांच्यासाठी हा प्रकल्पाचा चांगला विषय आहे. घराजवळची नदी आणि त्यातून निघणारं काम शहराच्या उपयोगाचं.

सरकारी पातळीवरही हा विचार नवा नाही. नदीच्या तळाशी राहणाऱ्या जीवांवरून पाण्याची प्रत ठरवायची पद्धत केंद्रीय मंडळाने तयार केलेली आहे. स्वच्छ पाण्यातच राहणारे कीटक, गोगलगाई, शिंपले किती आणि घाणीत वाढणाऱ्या अळ्या-किडे किती, यावरून पाण्याला 'अ' ते 'ई' अशा पाच प्रती दिल्या जातात. पद्धत कागदावर आहे. ती नियमित वापरा आणि निकाल लोकांना समजेल अशा भाषेत लावा, एवढं मागणं आपलं असायला हवं.

मर्यादाही माहीत हव्यात

शिंपला म्हणजे जादू नव्हे. त्याच्या मांसात शिसं सापडलं तर ते कुणी सोडलं, हे तो सांगत नाही. त्यासाठी ठिकठिकाणची तुलना लागते. विणीच्या हंगामात त्याचं वजन बदलतं, त्यामुळे आकडेही बदलतात. म्हणून एकाच आकाराचे आणि एकाच हंगामातले शिंपले घ्यावे लागतात. पाणी फारच विषारी असेल तर तो मिटून बसतो किंवा मरतो, मग मांसातलं प्रमाण उलट कमी दिसू शकतं. आपल्याकडे पावसाळ्यात पूर येतो, त्यात पिंजरे टिकणार नाहीत. हे काम हिवाळा आणि उन्हाळ्याचं.

आणि सर्वात महत्त्वाचं: नळाचं पाणी प्यायला योग्य आहे का, हे ठरवायला जंतूंची आणि क्लोरीनची नेहमीची तपासणीच लागते. शिंपला तिची जागा घेत नाही. तो नदीवर पहारा ठेवतो. साथीच्या दिवसांत पाणी उकळूनच प्यायचं.

आपण काय करू शकतो?

घरातल्या बुजुर्गांना विचारा. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी नदीच्या कुठल्या घाटावर शिंपले मिळायचे, पोरं खेळायला आणायची का? कुठली मासळी मिळायची? त्यांच्या आठवणी लिहून ठेवा, वर्षासह आणि जागेसह. प्रयोगशाळेत जी जुनी नोंद नाही, ती कधीकधी नानी-दादींकडे असते.

शाळांनी हिवाळ्यात, पाणी उथळ असताना, शिक्षकांबरोबर काठावरच्या रिकाम्या शिंपा मोजाव्यात. शिंपेवर वाढीच्या रेषा असतात, त्या मुलांना दाखवाव्यात. जिवंत शिंपले घरी आणू नयेत, एका नदीचे दुसऱ्या नदीत सोडू नयेत. नाल्याच्या तोंडाजवळ मुलांना उतरवू नये आणि आल्यावर साबणाने हात धुवावेत.

नदीचा रंग बदललेला दिसला, फेस आला, मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर मासे मरायची वाट बघू नका. तारीख, वेळ आणि जागा लिहून फोटोसह तक्रार करा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची उपप्रादेशिक कार्यालयं सातारा आणि सांगली दोन्हीकडे आहेत. आपल्या भागातल्या पाण्याचे तपासणी अहवाल माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली मागता येतात. एकट्याने अर्ज करायला बिचकत असाल तर मोहल्ल्यातले चार जण मिळून करा. नगरसेवक मत मागायला येतील तेव्हा रस्ता-गटाराबरोबर हाही प्रश्न विचारा.

आणि मेलेले मासे फुकट मिळाले म्हणून गोळा करून विकणारे, खाणारे दिसले तर त्यांना थांबवा. अशा घटनेत गरीब घरांत ते मासे शिजतात. मिनामातात काय झालं ते वर वाचलंच.

नदी एकट्या सांगलीची नाही, एकट्या साताऱ्याची नाही, एका समाजाची तर नाहीच. वाईला जे पाण्यात पडतं ते सांगलीला येतं, आणि सांगलीला जे पडतं ते पुढे कर्नाटकातल्या कुणाच्या तरी घड्यात जातं. पाणी ही आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे. ४५ फुटांची धोका पातळी आपण पाठ केली, तशी पाण्याच्या प्रतीचीही एक पातळी आयर्विन पुलावर लिहिलेली असावी आणि रोज सकाळी ती वाचूनच लोक कामाला जावेत, अशी मागणी आता सांगलीने करायला हरकत नाही. ती पातळी सांगायला नदीत शिंपले आहेत. ते संपायच्या आत त्यांना विचारायला हवं.